आठ लांडगे, पडणारी जनावरं आणि बांधलेला एलिमेंटल: समनिंगचे नियम कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पाचव्या एडिशनचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे पात्रं घेऊन फाशांनी खेळायचा कल्पनाखेळ, २०१४ च्या पुस्तकांवर चालवता. तुमच्या गटातली ड्रूइड (निसर्गाची जादू करणारी) पाचव्या लेव्हलला पोचली, तिनं 'कॉन्जर ॲनिमल्स' हा जनावरं बोलावणारा स्पेल (मंत्र) तयार केला आणि पहिल्याच लढाईत "आठ लांडगे" असं जाहीर केलं. जनावर कोणतं येणार ते मी ठरवणार, असं तुमचं म्हणणं. तिथून वाद सुरू झाला आणि मागोमाग बाकीचे प्रश्न आले. लांडग्यांची टर्न कधी, त्यांना किती अवघड हुकूम देता येतात, त्यांना शत्रूच्या डोक्यावर हवेत प्रकट करून पाडता येईल का, आणि पुढे विझर्डला (जादूगाराला) एलिमेंटल, म्हणजे आग, माती अशा मूलतत्त्वाचा प्राणी, बोलावून 'प्लेनर बाइंडिंग' या बांधून ठेवणाऱ्या स्पेलनं कायमचा कामाला लावता येईल का.

आधी सरळ उत्तरं देतो. किती आणि किती ताकदीची जनावरं हवीत ते खेळाडू ठरवते, नेमकं जनावर डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ठरवतो. त्यांची एकत्रित, स्वतंत्र टर्न असते. हुकूम तोंडानं द्यायचा असतो, त्याला ॲक्शन लागत नाही, आणि जनावराला जमेल ते ते करतं. डोक्यावर पाडणं मी मान्य करत नाही. एलिमेंटल बांधता येतो, पण कायमचा नाही, आणि एकट्या विझर्डनं ते केलं तर तो एलिमेंटल त्याचा मित्र राहत नाही. आता प्रत्येक उत्तरामागचं कारण सांगतो, कारण पुढच्या वेळी स्पेल दुसरा असेल आणि तेव्हा कारणच उपयोगी पडेल.

बोलावण्याच्या कुठल्याही स्पेलचा मजकूर हातात घेतला की मी त्यात चार गोष्टी शोधतो. काय येतं आणि ते कोण निवडतं, ते कधी हलतं, ते कुठवर ऐकतं, आणि ते कसं जातं. मजकुरात यांपैकी ज्याचं उत्तर आहे ते तसंच्या तसं द्यायचं, मग ते डीएमला आवडो वा न आवडो. मजकूर गप्प असेल तर सर्वसाधारण नियम बघायचा. तोही गप्प असेल तर निर्णय डीएमचा, आणि तो स्पेल टाकण्याआधी खेळाडूला माहीत असायला हवा. ही शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. खेळाडूनं स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींतली एक) खर्च केल्यावर "असं चालणार नाही" म्हणणं म्हणजे तिचा स्लॉटही घ्यायचा आणि टर्नही. असं दोनदा झालं की खेळाडू कल्पक स्पेल टाकणं सोडून देतो आणि प्रत्येक लढाईत तोच ठरलेला फायरबॉल फेकत बसतो.

निवडीचं बघू. 'कॉन्जर ॲनिमल्स'मध्ये चार पर्याय दिले आहेत: चॅलेंज रेटिंग (प्राण्याच्या ताकदीचा आकडा) २ पर्यंतचं एक जनावर, १ पर्यंतची दोन, अर्ध्यापर्यंतची चार किंवा पाव रेटिंगची आठ. या चारांतला एक निवडावा, एवढंच वाक्य आहे. मग शेवटी लिहिलंय की जनावरांचे आकडे डीएमकडे असतात. जनावर कोण निवडणार हे थेट सांगणारं वाक्य मजकुरात नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटणं साहजिक आहे. प्रकाशकांच्या 'सेज ॲडव्हाइस' या अधिकृत खुलाशात मात्र हे स्पष्ट केलं आहे: पर्याय खेळाडूचा, त्या पर्यायात बसणारं जनावर डीएमचं. म्हणजे नियमाच्या बाजूनं तुमचं बरोबर होतं. पण तेवढ्यावर थांबू नका.

लांडग्यांबद्दल डीएम घाबरतात ते का, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. लांडग्याचा चावा +४ नं लागतो आणि सरासरी ७ डॅमेज करतो. शत्रूचा आर्मर क्लास (फटका लागायला फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा) १६ धरला तर फाशावर १२ लागतात, म्हणजे ४५ टक्के शक्यता. पण लांडग्याकडे 'पॅक टॅक्टिक्स' आहे. शेजारी साथीदार असला की ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, आणि शक्यता जवळपास ७० टक्क्यांवर जाते. आठही लांडगे एका शत्रूला भिडले तर एका राउंडला साडेपाच चावे, सुमारे ३९ डॅमेज. शिवाय प्रत्येक चाव्याला आडवं पडायचा धोका. त्याच लेव्हलचा फायरबॉल सरासरी २८ करतो, तोही एकदाच. फायरबॉल अनेकांना लागतो हे खरं, पण लांडगे पुढच्या राउंडलाही असतात, आणि शत्रूला आठ वेगवेगळी शरीरं, मिळून ८८ हिट पॉइंट्स, बाजूला करावे लागतात. शिवाय एखाद्या दारात किंवा अरुंद पुलावर ती शरीरंच रस्ता अडवतात, त्याचा हिशेब तर या आकड्यांत धरलेलाच नाही.

हे पाहून काही डीएम चिडून आठ सांबरं किंवा पाण्यातलं काहीतरी पाठवतात. ते मला मुळीच पटत नाही. निवडीचा अधिकार शिक्षा करायला वापरला की नियमाची अक्षरं पाळली जातात, पण स्पेलनं दिलेलं वचन मोडतं. वचन काय आहे? निसर्गातल्या आत्म्यांनी जनावरांच्या रूपात येऊन मदत करायची. जी मदत करू शकत नाहीत अशी जनावरं पाठवली तर ती मदत झाली नाही. मी खेळाडूला सांगतो की चार पर्यायांसाठी चार-पाच जनावरांची यादी तिनंच करून आणावी, आकड्यांच्या कागदांसह. त्यातून प्रदेशाला साजेसं जनावर मी निवडतो. जंगलात लांडगे, दलदलीत साप, बर्फाळ डोंगरात अस्वल. खेळाडूला काय येऊ शकतं याचा अंदाज असतो, माझ्या हातात जागेचं भान राहतं, आणि लढाई थांबवून पुस्तक चाळावं लागत नाही.

टर्नचं उत्तर मजकुरातच आहे: सगळ्या जनावरांसाठी मिळून एक इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम ठरवणारा फासा) टाकायचा आणि त्यांची स्वतःची टर्न असते. आलेला आकडा या राउंडमध्ये होऊन गेला असेल तर ती पुढच्या राउंडला हलतात, यायचा असेल तर याच राउंडला. खरी अडचण वेळेची आहे. आठ लांडग्यांचे सोळा फासे, आठ सेव्ह (परिणाम टाळण्यासाठीचे फासे) आणि आठ हालचाली होईपर्यंत बाकीचे चार जण बसून असतात. २०१४ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये जमावासाठी एक तक्ता आहे, त्यात फासे न टाकता किती हल्लेखोरांमागे एक फटका लागतो ते दिलंय. १२ लागत असतील तर दोघांमागे एक. तो तक्ता सरळ वापरला तर आठ लांडग्यांचे चार चावे होतात. त्यात ॲडव्हांटेज धरलेला नाही, म्हणून लांडग्यांवर अन्याय होतो. मी अशा वेळी पाच चावे देतो, डॅमेज सरासरी धरतो, आणि आडवं पाडण्यासाठी शत्रूला एकच सेव्ह करायला लावतो. हे थेट नियमात नाही. खेळाडूला आधी विचारून ठरवायची ही सोय आहे, आणि ज्या ड्रूइडला आपली टर्न लांबतेय याची लाज वाटत असते ती सहसा आनंदानं हो म्हणते.

हुकमांबद्दलचा वाद मला नेहमी रंजक वाटतो. लांडग्याला भाषा कळत नाही, मग तो हुकूम कसा ऐकणार? कारण स्पेल म्हणतो की तो ऐकतो. विशिष्ट नियम सर्वसाधारण नियमावर मात करतो, हे 'प्लेयर्स हँडबुक'च्या सुरुवातीलाच सांगितलेलं आहे. पण स्पेलनं आज्ञाधारकपणा दिलाय, अक्कल दिलेली नाही. "त्या धनुर्धाऱ्याला पाड" हे लांडगा करेल. "दारावरचा पहारेकरी बदलला की मला कळव" हे त्याला ऐकायचं असलं तरी जमणार नाही. तो आपल्या परीनं प्रयत्न करेल, बहुधा दारापाशी जाऊन बसेल. हुकूम दिलाच नाही तर ती जनावरं शत्रूपासून स्वतःचा बचाव करतात आणि एरवी काहीही करत नाहीत, हेही लिहिलेलं आहे. आणि हुकूम तोंडी असल्यानं ड्रूइड आवाज बंद करणाऱ्या 'सायलेन्स'च्या घेऱ्यात अडकली तर तिला नवा हुकूम देता येत नाही. हुशार शत्रूनं हे करावं. ते खेळाडूवर अन्याय करणं नाही, स्पेलची जी उणीव लिहिलेली आहे ती वापरणं आहे.

जनावरांना मरणाच्या दारात पाठवता येतं का? इथे मी भावंडं स्पेल शेजारी ठेवून वाचतो, आणि नियम वाचण्याची ही सवय प्रत्येकानं लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. 'कॉन्जर सिलेस्टियल' आणि 'कॉन्जर फे' या दोन्हींत लिहिलंय की प्राणी हुकूम ऐकतो, मात्र तो त्याच्या अलाइनमेंटच्या (नैतिक कलाच्या) विरोधात नसेल तरच. 'कॉन्जर ॲनिमल्स'मध्ये ती अट नाही. एकाच पुस्तकात, एकाच ढाच्याच्या वाक्यांत एके ठिकाणी अट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर ती मुद्दाम नाही असंच धरावं लागतं. म्हणून हो, लांडग्याला सापळ्यावरून पळवता येतं. तो आत्मा आहे, शून्य हिट पॉइंट्सवर नाहीसा होतो. तुमच्या गटातल्या कोणाला हे निर्दयी वाटत असेल तर ती पात्रांनी आपसात बोलायची गोष्ट आहे. नियमानं ती अडवू नये. शेवटाचंही तसंच. 'कॉन्जर ॲनिमल्स'चं कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष, तुटलं की जनावरं जातात. 'कॉन्जर फे' आणि 'कॉन्जर एलिमेंटल'चं तुटलं तर बोलावलेला प्राणी जात नाही, उलटतो. हा फरक ज्यानं वाचलेला नाही त्याच्या हातून कधीतरी सगळा गट संकटात सापडतो.

आता डोक्यावर पाडणं. युक्तिवाद असा असतो की स्पेल "दिसणाऱ्या मोकळ्या जागेत" म्हणतो, जमिनीवर म्हणत नाही, आणि साठ फूट उंचीवरची हवा ही मोकळी जागाच आहे. अक्षरशः वाचलं तर हे खोडून काढणं कठीण आहे. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये एकानं दुसऱ्यावर पडण्याचा नियमही आहे: खालच्यानं १५ चा डेक्स्टेरिटी सेव्ह चुकवला तर पडण्याचं डॅमेज दोघांत वाटलं जातं. साठ फुटांवरून सहा फासे, सरासरी २१, म्हणजे प्रत्येकी दहाएक. आठ जनावरं एकावर पाडली आणि निम्मे सेव्ह चुकले तर चाळीसच्या वर डॅमेज, तेही इनिशिएटिव्हची वाट न बघता, हल्ल्याचा फासा न टाकता. मी हे नाकारतो ते आकडा मोठा आहे म्हणून नव्हे. पाचव्या एडिशनचा स्पेल जे करतो म्हणून लिहिलंय तेच करतो. डॅमेज करणारा प्रत्येक स्पेल किती फासे, कोणता सेव्ह हे सांगतो. या स्पेलच्या मजकुरात येण्याचं डॅमेज नाही, म्हणजे नुसतं येणं हे त्याचं शस्त्र नाही. माझ्या टेबलावर जनावरं त्यांना पेलणाऱ्या जागी येतात: चालणारी जमिनीवर, पोहणारी पाण्यात, उडणारी हवेत. हा मजकुराचा अटळ अर्थ नाही, माझा निर्णय आहे, आणि मी तो पहिल्या सत्रातच सांगतो. तुम्ही उलट ठरवलंत तरी चालेल, फक्त मग शत्रूच्या ड्रूइडलाही तोच नियम लागू होईल हे तुमच्या खेळाडूंना सांगून ठेवा.

पिक्सींचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण सातव्या लेव्हलला तो येणारच. 'कॉन्जर वुडलँड बीइंग्ज'मध्ये पाव रेटिंगचे आठ फे (परीलोकातले) प्राणी येतात, पिक्सी नेमकी पाव रेटिंगची आहे, आणि प्रत्येक पिक्सी दिवसातून एकदा 'पॉलिमॉर्फ' (जनावराचं रूप देणारा स्पेल) टाकू शकते. म्हणजे चौथ्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये आठ 'पॉलिमॉर्फ', जे एरवी प्रत्येकी चौथ्या लेव्हलचे असतात. सातव्या लेव्हलचा सगळा गट रेटिंग ७ चा जायंट एप होऊन बसतो. इथे डीएमची निवड हेच नियमानं दिलेलं कुंपण आहे, ते वापरायला संकोच नको. पण कधीतरी, परीकथेतल्या जंगलात, पिक्सी येऊच द्या. पिक्सीला एकच हिट पॉइंट असतो, तिचं कॉन्सन्ट्रेशन तिच्याबरोबर मरतं, आणि ड्रूइडचं तुटलं तर आठही एकदम संपतात. तो सगळा डोलारा एका शरीरावर उभा आहे हे शत्रूला कळलं की लढाई फार सुंदर होते.

दुसऱ्या खेळांनी हीच अडचण कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या साडेतिसऱ्या एडिशननं, म्हणजे २००३ मध्ये, नियमच केला होता की बोलावलेल्या प्राण्याला स्वतःची बोलावण्याची ताकद वापरता येत नाही. 'पाथफाइंडर'च्या २०१९ च्या दुसऱ्या एडिशननं आणखी पुढे जाऊन समन केलेल्या प्राण्याला दोनच ॲक्शन दिल्या, त्याही बोलावणाऱ्यानं स्वतःच्या तीनांतली एक खर्च केली तर. शिवाय ज्या स्पेलनं तो आला त्याच्या बरोबरीच्या किंवा त्याहून वरच्या दर्जाचे स्पेल तो टाकू शकत नाही. पिक्सीची युक्ती तिथे जन्मालाच येत नाही. 'कॉल ऑफ कथुलू'चा स्वभावच वेगळा. १९८१ मध्ये आलेल्या त्या खेळात बोलावणं आणि बांधणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. आलेला प्राणी आपला आहे असं कोणी म्हणत नाही, आणि बोलावताना मॅजिक पॉइंट्सबरोबर सॅनिटी, म्हणजे मानसिक संतुलनही जातं. तो खेळ चालवणाऱ्यानं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या टेबलावर बसून "आलेला लांडगा मला का चावत नाही?" असं विचारू नये, आणि उलटही. प्रत्येक खेळ बोलावण्याची किंमत वेगळ्या ठिकाणी वसूल करतो. ती कुठे वसूल होते हे कळलं की बाकीचा नियम आपोआप नीट वाचला जातो. पाचव्या एडिशनमध्ये ती मुख्यतः कॉन्सन्ट्रेशनमध्ये आहे. म्हणून ड्रूइडवर बाण मारा. प्रत्येक फटक्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो जास्त असेल तो.

फॅमिलियरबद्दल, म्हणजे जादूनं आलेल्या छोट्या साथीदार प्राण्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या विझर्डकडे घुबड आहे असं तुम्ही लिहिलंत. 'फाइंड फॅमिलियर' म्हणतो की तो हल्ला करू शकत नाही, बाकी ॲक्शन करू शकतो. म्हणून दर राउंडला झेप घेऊन 'हेल्प' करणं आणि 'फ्लायबाय' या उडतानाच्या खास क्षमतेमुळे सुखरूप निघून जाणं पूर्ण कायदेशीर आहे. त्याच्यावर 'ड्रॅगन्स ब्रेथ' टाकून आग ओकवणंही. हँडबुकचा नियम साफ आहे: हल्ल्याचा फासा टाकला जात असेल तर तो हल्ला, आणि इथे फासा नाही, सेव्ह आहे. हे त्रासदायक वाटत असेल तर नवा नियम काढू नका. घुबडाचा आर्मर क्लास ११ आणि हिट पॉइंट एक. शत्रूकडे धनुष्य असतंच.

आता बांधण्याचा प्रश्न, जो मला या सगळ्यांत आवडता आहे. 'कॉन्जर एलिमेंटल' पाचव्या लेव्हलचा, टाकायला एक मिनिट, टिकतो कॉन्सन्ट्रेशनवर तासभर. 'प्लेनर बाइंडिंग'ही पाचव्याच लेव्हलचा, पण टाकायलाच एक तास लागतो, आणि किमान १,००० गोल्ड पीसचं रत्न त्यात नष्ट होतं. तासाच्या शेवटी एलिमेंटलनं करिश्मा सेव्ह करायचा. चुकला तर चोवीस तास बांधला गेला. सहाव्या लेव्हलच्या स्लॉटनं दहा दिवस, सातव्यानं तीस, आठव्यानं एकशे ऐंशी, नवव्यानं एक वर्ष आणि एक दिवस. कायमचा कधीच नाही.

पहिली गाठ इथे बसते. एका ॲक्शनपेक्षा जास्त वेळ घेणारा कुठलाही स्पेल टाकताना तो पूर्ण वेळ कॉन्सन्ट्रेशन ठेवावं लागतं, हा सर्वसाधारण नियम अनेकांच्या नजरेतून सुटतो. कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकाच गोष्टीवर. म्हणजे एकट्या विझर्डनं बांधायला सुरुवात केली त्याच क्षणी एलिमेंटलवरचा ताबा सुटला आणि तो शत्रू झाला. म्हणूनच 'प्लेनर बाइंडिंग'च्या मजकुरात कंसात लिहिलंय की सहसा प्राण्याला उलट्या 'मॅजिक सर्कल'च्या मध्यभागी बोलावतात. सर्कलला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. पण तिसऱ्या लेव्हलच्या स्लॉटनं तो एकच तास टिकतो, आणि बांधणी संपायच्या आधीच विरतो. चौथ्या लेव्हलचा स्लॉट वापरला की दोन तास मिळतात. बाइंडिंगची रेंज साठ फूट आहे, तेव्हा विझर्डनं सर्कलपासून लांब उभं राहावं. अर्थ एलिमेंटल जमिनीखालून निसटेल का असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर नाही. उलटं सर्कल घेऱ्याबाहेर जाण्यापासून अडवतं, दिशा सांगत नाही. आणि नवव्या लेव्हलच्या विझर्डकडे पाचव्या लेव्हलचा स्लॉट एकच असतो, त्यामुळे एकट्यानं हे सगळं दहाव्या लेव्हलच्या आधी जमत नाही.

दुसरी गाठ जास्त बारीक आहे. ताबा सुटलेला एलिमेंटल बोलावल्यापासून एका तासानं नाहीसा होतो. बांधणी मात्र तो आल्यानंतरच सुरू होऊ शकते, कारण प्राणी पूर्ण वेळ रेंजमध्ये हवा. म्हणजे अक्षरशः हिशेब केला तर बांधणी पूर्ण व्हायच्या काही सेकंद आधी एलिमेंटल गायब होतो. एक तास, १,००० गोल्ड पीस आणि दोन मोठे स्लॉट पाण्यात. काही डीएम हा हिशेब मांडून "जमत नाही" म्हणून मोकळे होतात. मी तसं करत नाही. त्याच स्पेलमध्ये पुढे लिहिलंय की प्राणी दुसऱ्या स्पेलनं बोलावलेला असेल तर त्या स्पेलचा कालावधी बांधणीइतका वाढतो. ज्यानं हे वाक्य लिहिलं त्याला बोलावून बांधणं जमावं असंच वाटत होतं. ते काही सेकंद मी देतो. कॉन्सन्ट्रेशनची सूट मात्र देत नाही. माझी कसोटी अशी: अक्षरं पाळल्यानं स्पेलनं स्वतः दिलेलं वचनच मरत असेल तर वचन पाळायचं, आणि अक्षरं पाळल्यानं काम फक्त धोक्याचं होत असेल तर अक्षरं पाळायची. धोका हा त्या स्पेलचा भागच आहे.

आणि धोका पुढेही चालू राहतो. बांधलेला प्राणी हुकमाची अक्षरं पाळतो, पण तो शत्रू असेल तर शब्द आपल्या सोयीनं वळवायचा प्रयत्न करतो, असं मजकूर सांगतो. एकट्या विझर्डचा एलिमेंटल कॉन्सन्ट्रेशन तुटल्यानं शत्रूच झालेला असतो. "या दारातून कोणालाही आत येऊ देऊ नकोस" असं फायर एलिमेंटलला सांगितलंत तर तो तुमच्याच साथीदारांना जाळेल. फायर एलिमेंटलची बुद्धी सहा आहे, त्यामुळे त्याच्याकडून चलाख कटाची अपेक्षा करू नका. तो शब्दाला सरळ, आंधळेपणानं चिकटतो, आणि तेवढंच पुरतं. तुमच्या गटाला मात्र याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. 'कॉन्जर एलिमेंटल' ड्रूइडच्या यादीत आहे. नवव्या लेव्हलला ड्रूइडनं बोलावून कॉन्सन्ट्रेशन धरायचं, विझर्डनं बांधायचं. एलिमेंटल पूर्ण वेळ मित्र राहतो, सर्कल लागत नाही, आणि बांधला गेल्यावरही त्याला शब्द वळवायचं कारण नसतं. विझर्डची इंटेलिजन्स १८ असेल तर सेव्ह १६ चा, फायर एलिमेंटलच्या करिश्म्याला -२, म्हणजे ८५ टक्के वेळा तो चुकणार. ज्या तासात ड्रूइडला कोणी हात लावता कामा नये असा तो तास आहे, आणि तुम्हाला त्यात एक अख्खं सत्र घालता येईल.

शेवटी, नव्या पुस्तकांकडे जावं का हेही तुम्ही विचारलंत. 'टाशाज कॉल्ड्रन'मधले 'समन बीस्ट', 'समन फे' वगैरे स्पेल मी बिनदिक्कत सुचवतो. एकच प्राणी, एकच स्टॅट ब्लॉक (प्राण्याच्या आकड्यांचा तक्ता), आर्मर क्लास आणि हल्ल्यांची संख्या स्लॉटच्या लेव्हलवरून ठरलेली, टर्न तुमच्या लगेच मागे, हुकूम नसेल तर तो 'डॉज', म्हणजे फक्त बचाव, करतो. चारही प्रश्नांची उत्तरं मजकुरातच आहेत. २०२४ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मधला 'कॉन्जर ॲनिमल्स' तर आता वेगळाच स्पेल आहे. वेगवेगळी जनावरं येतच नाहीत. भुतासारखा, स्पर्श न होणारा एक कळप येतो, तुम्ही हललात की तोही तीस फुटांपर्यंत हलवता येतो, आणि त्याच्या दहा फुटांत सापडलेल्यांना डेक्स्टेरिटी सेव्ह चुकल्यास दहा बाजूंच्या तीन फाशांचं डॅमेज होतं. खेळ झपाट्यानं पुढे सरकतो. पण दार अडवणारं अस्वल, पाठीवर बसता येणारं सांबर, नदीपलीकडे दोर नेणारं घुबड, हे सगळं त्यात गेलं. तुमच्या ड्रूइडला लढाईपेक्षा त्या गोष्टी आवडत असतील तर जुना स्पेल काढून घेऊ नका, यादी करून चालवा. बदलायचंच ठरलं तर तिचं काही नुकसान नाही, कारण ड्रूइड दर लाँग रेस्टनंतर (लांब विश्रांतीनंतर) नव्यानं स्पेल तयार करते. गटात रेंजर असेल तर त्याचे स्पेल ठरलेले असतात आणि लेव्हल वाढल्यावरच एक बदलता येतो. त्याला मात्र या एका वेळेपुरता, लेव्हलची वाट न बघता, तो स्पेल बदलून घेऊ द्या.